नवाचा ताळा

१८ जून १९८० रोजी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात शकुंतलादेवींपुढे दोन तेरा आकडी संख्या ठेवण्यात आल्या. ७६८६३६९७७४८७० आणि २४६५०९९७४५७७९. संख्या तिथल्या संगणक विभागाने हाताला लागतील तशा उचलून दिलेल्या. बाईंनी त्यांचा गुणाकार तोंडी केला आणि २८ सेकंदांत सव्वीस आकडी उत्तर सांगून त्या मोकळ्या झाल्या. ते उत्तर पुढे गिनेसच्या पुस्तकात गेले, तिथून वर्तमानपत्रांत आणि वर्तमानपत्रांतून आमच्या सोसायटीच्या बाकावर. या प्रवासात कुठेतरी त्याला आत्मा चिकटला.

आमच्याकडे तो अप्पांनी चिकटवला. "सव्वा किलोचा गोळा तो," स्वतःच्या टकलावर बोट ठेवून अप्पा म्हणाले, "पाणी आणि चरबी. त्याला हे जमेल? अरे, मागे कुणीतरी बसलेलं असल्याशिवाय हे होणं नाही."

अप्पा या मताचे एकटे नाहीत, आणि या मताची माणसे सगळीच काही बाकावर बसून बोलणारी नाहीत. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातले एडवर्ड केली आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ साली 'इरिड्युसिबल माइंड' नावाचा आठशेहून अधिक पानांचा ग्रंथ काढला, त्याचा सूर हाच आहे. अफाट स्मरणशक्ती, प्रतिभेचे झटके, तोंडी हिशेब करणारी विलक्षण माणसे या सगळ्यांचा हिशेब नुसत्या मेंदूच्या पेशींनी लागत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे मूळपुरुष फ्रेडरिक मायर्स. त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ १९०३ साली, म्हणजे मायर्स वारल्यानंतर, प्रसिद्ध झाला. मेल्यावरही माणूस उरतो असे सांगणाऱ्या ग्रंथाला हे शोभूनच दिसले.

पण अप्पांचे म्हणणे मला वेगळ्याच कारणासाठी गमतीचे वाटते. अप्पांनी आयुष्य बँकेत काढले. संगणक येण्याआधीची बँक. जाडजूड लेजरे, मांजरपाटाच्या बांधणीची, आणि त्यांत पानोपान रकाने. अप्पांचे बोट रकान्याच्या वरच्या टोकावर ठेवले जाई आणि जिन्याच्या कठड्यावरून पोर घसरावे तसे खाली येई. ओठ किंचित हलत. बोट तळाला पोचले की पेन्सिलीने बेरीज लिहून टाकलेली. सहामाही व्याजाच्या दिवसांत अख्खी शाखा रात्री नऊपर्यंत बसे आणि टोटल जुळत नसे. कुणीतरी ओरडे, "सत्तावीसचा फरक येतोय." अप्पा मान वर न करता म्हणत, "नवाने भाग जातोय ना? मग आकडे उलटे पडलेत. कुठेतरी ६३ चे ३६ झालेत, शोधा." आणि ते सापडत. दोन शेजारचे अंक एकमेकांच्या जागी गेले की होणारा फरक नेहमी नवाच्या पटीत असतो, हे जुन्या प्रत्येक कारकुनाला ठाऊक असे.

मी शकुंतलादेवींच्या दोन्ही संख्या आणि त्यांचे उत्तर, १८९४७६६८१७७९९५४२६४६२७७३७३०, अप्पांना कागदावर लिहून दिले. म्हटले, बघा बरोबर आहे का.

अप्पांनी चष्मा कपाळावर सारला. गुणाकार करायचे नाव नाही. नवाचा ताळा काढायला घेतला. पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज ७८, म्हणजे १५, म्हणजे ६. दुसरीची ७४, म्हणजे ११, म्हणजे २. सहा दुणे बारा, बाराचे तीन. मग त्या सव्वीस आकडी अजगरावरून बोट फिरले. १३८, म्हणजे १२, म्हणजे ३.

"जुळला," अप्पा म्हणाले. आणि लगेच, जुन्या पासिंग ऑफिसरच्या आवाजात, "पण ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबर असं नव्हे हं. यातले दोन अंक इकडचे तिकडे झाले असते तरी तो जुळलाच असता. न जुळला तर मात्र नक्की चूक."

"अप्पा, हे तुम्ही एवढ्यात कसं केलंत? मागे कोण बसलंय?"

"हट्! यात काय आहे? सवय."

इथे मला अप्पांच्या तत्त्वज्ञानाची किल्ली सापडली. आपल्याला जमते ती सवय, शेजाऱ्याला जमते ती हुशारी आणि कुणालाच जमत नाही तो आत्मा. चमत्काराची उंची आपण स्वतःला पायाशी उभे करून मोजतो. बाजारात भाजीवाली मावशी पावशेर गवार, अर्धा किलो वांगी, दोन जुड्या मेथी आणि मघाचे राहिलेले सात रुपये यांचा हिशेब पिशवी उघडायच्या आत सांगते, तेव्हा तिच्या अमर आत्म्याविषयी कुणी बोलत नाही. उलट आपण मोबाइल काढून तो तपासतो.

शकुंतलादेवींनी मात्र कुणाला मोबाइल काढायची उसंत दिली नाही. १९७७ साली अमेरिकेतल्या डॅलसच्या विद्यापीठात त्यांनी २०१ आकडी संख्येचे तेविसावे मूळ ५० सेकंदांत काढले. युनिव्हॅक संगणकाला तेच काम करायला ६२ सेकंद लागल्याची नोंद आहे. सर्कसवाल्या वडिलांची ही मुलगी. त्यांच्या पत्त्यांच्या खेळात तिची ही हुशारी तिसऱ्या वर्षी ध्यानात आली आणि तिथपासून ती गावोगाव प्रयोगच करत होती. म्हणजे लंडनला उभ्या राहिल्या तेव्हा बाईंच्या गाठीशी जवळजवळ अर्ध्या शतकाचा रियाज होता.

रियाज कशाचा, ते थोडे जवळून बघण्यासारखे आहे. ३,१४,४३२ चे घनमूळ काढा, असे कुणी म्हटले तर आपल्याला घाम फुटतो. पण शेवटचा अंक २ असेल तर घनमूळाचा शेवटचा अंक ८ च असतो. एक ते नऊपर्यंतच्या प्रत्येक अंकाचा असा ठरलेला जोडीदार आहे. आता मागचे तीन अंक झाकून टाका. उरले ३१४. सहाचा घन २१६, साताचा ३४३. ३१४ मधे पडते, म्हणून पहिला अंक ६. उत्तर ६८. तुम्ही हे वाचलेत तेवढ्या वेळात शाळकरी पोर असली दहा गणिते करील. गंमत अशी की मुळाची गणिते ऐकायला भयंकर आणि करायला त्या मानाने सोपी असतात, कारण उत्तर पूर्णांक आहे हे आधीच ठरलेले असते. तेरा आकडी गुणाकार हा खरा वाघ. तोंडी हिशेब करणाऱ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या स्टीव्हन स्मिथ यांनी त्या २८ सेकंदांविषयी स्पष्टच लिहिले, की आधीच्या सगळ्या नोंदींच्या हे इतके पुढे आहे की विश्वास ठेवणे कठीण. मी दोन्ही बाजू तुमच्यापुढे ठेवल्या. माझा कल बाईंच्या बाजूने आहे, पण त्यात शास्त्र कमी आणि अभिमान जास्त.

पुढे आर्थर जेन्सन या मानसशास्त्रज्ञांनी बाईंना बर्कलेच्या प्रयोगशाळेत बसवले आणि १९९० साली निष्कर्ष छापले. (वंश आणि बुद्धी यांविषयी जेन्सनसाहेबांनी जे लिहिले त्यावर बरेच रान उठले होते, तो विषय वेगळा.) ६,१६,२९,८७५ चे घनमूळ? ३९५. १७,०८,५९,३७५ चे सातवे मूळ? १५. जेन्सन प्रश्न वहीत उतरवून घेत होते तोवर उत्तर हजर. पण दिवा लागला की बटण दाबा, अशा साध्या चपळाईच्या परीक्षा घेतल्या, तेव्हा बाई तुमच्याआमच्यासारख्याच निघाल्या. यंत्र साधेच, त्यावर बसवलेले काम असाधारण. मागे कुणी विजेच्या वेगाचा बसलेला असता तर बटण दाबताना तो कुठे गेला होता, हा प्रश्न मी अप्पांना विचारला. अप्पा म्हणाले, "चहा घेतोस का?"

बाई ज्योतिषही सांगत. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत त्या दक्षिण मुंबईतून उभ्या राहिल्या आणि वर मेदकमधून खुद्द इंदिराबाईंविरुद्ध. मेदकला इंदिराबाई निवडून आल्या. आकडे आणि ग्रह दोन्ही हाताशी असताना हे व्हावे, याचे मला अजून वाईट वाटते.

एडिंबरा विद्यापीठात अलेक्झांडर एटकेन नावाचे गणिताचे प्राध्यापक होते, मूळचे न्यूझीलंडचे. स्वतः मोठे गणिती, वर पाठांतर असे की पायचे हजार दशांश अंक घडाघडा म्हणत. रस्त्याने जाताना मोटारीची ७३१ ही पाटी दिसली की १७ गुणिले ४३ हे त्यांना दिसल्यावाचून राहत नसे. आपल्याला मोटारीची पाटी दिसली की ती कुठल्या जिल्ह्याची एवढेच दिसते. तर या एटकेनसाहेबांनी स्वतःविषयी एक गोष्ट प्रांजळपणे सांगून ठेवली आहे. १९२३ च्या सुमारास टेबलावर ठेवायचे हिशेबाचे यंत्र त्यांच्या हाताशी आले आणि तेव्हापासून त्यांची तोंडी हिशेबाची धार कमी होत गेली. आत्म्याला शस्त्रे छेदू शकत नाहीत, अग्नी जाळू शकत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. कॅल्क्युलेटरने त्याला गंज चढतो, हे मात्र नवीन आहे.

आपल्याकडेही तो चढलाच. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी हे ज्या पिढीने छडीच्या धाकाने पाठ केले, त्या पिढीला "चौदा साडेतीन?" म्हणून विचारा. "एकोणपन्नास" हे उत्तर खोकल्यासारखे आपोआप बाहेर पडते. त्यांच्या नातवंडांना तोच प्रश्न विचारला तर ती खिसा चाचपतात. आत्मे दोन्ही पिढ्यांचे सारखेच असावेत.

रूडिगर गाम हा जर्मन तरुण शाळेत गणितात कच्चा होता. विशीत त्याने तोंडी हिशेबाचे वेड घेतले आणि रोज चारचार तास सराव केला. २००१ साली त्याच्या मेंदूची चित्रे घेतली तेव्हा दिसले की हिशेब करताना तो मेंदूचे काही जास्तीचे भाग वापरतो, लांब पल्ल्याच्या स्मरणाशी संबंध असलेले. आपण आकडे तात्पुरते हातावर धरून गणित करतो, म्हणून ते सांडतात. २०१६ साली २१ वेदपाठी पंडितांच्या मेंदूंचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षे घोकलेल्या संहितेचे ठसे तिथेही दिसले. मेंदूच्या कित्येक भागांत करडे द्रव्य इतरांपेक्षा जास्त. घोकून ते वाढले की वाढलेलेच घोकायला टिकले, हा खल बाकी आहे. पण ठसा आहे तो सव्वा किलोच्या गोळ्यातच.

मला स्वतःला या सगळ्या मंडळींत सर्वांत जवळचा वाटतो तो सॉलोमन शेरेशेव्हस्की. मॉस्कोत १९२० च्या दशकात हा वार्ताहर होता. संपादक सकाळी सगळ्यांना कामे वाटून देत आणि सगळे भराभर टिपून घेत. हा नुसता बसून राही. संपादक खवळले. तेव्हा त्याने सगळे बोलणे जसेच्या तसे म्हणून दाखवले, आणि इतरांना हे जमत नाही याचे त्यालाच नवल वाटले. संपादकांनी त्याची रवानगी मानसशास्त्रज्ञांकडे केली. (आपल्याकडे असता तर सगळ्यांच्या बातम्या त्यालाच लिहायला लावल्या असत्या.) तिथे अलेक्झांडर लुरिया यांनी त्याला जवळजवळ तीस वर्षे तपासले आणि १९६८ साली त्याच्यावर छोटेसे, फार देखणे पुस्तक लिहिले. पन्नास-पन्नास शब्दांच्या याद्या तो ऐके आणि पंधरा-सोळा वर्षांनी, कुठली सूचना नसताना, तशाच म्हणून दाखवी. त्या दिवशी लुरियांच्या अंगावर कुठला सूट होता तेही सांगे.

आता हा मनुष्य चुके कसा, ते बघा. यादीतली प्रत्येक वस्तू तो मनातल्या मनात मॉस्कोच्या गॉर्की स्ट्रीटवर ठेवत जाई. एक दारापाशी, एक खिडकीत, एक कुंपणाला टेकवून. आठवायची वेळ आली की त्या रस्त्याने पुन्हा फेरफटका मारायचा आणि दिसेल ते सांगत सुटायचे. एकदा यादीतले 'अंडे' राहून गेले. का राहिले? तर त्याने ते पांढऱ्या भिंतीपुढे ठेवले होते. पांढऱ्यावर पांढरे, दिसलेच नाही, आपण पुढे निघून गेलो, असे त्याने सांगितले. त्यानंतर तो मनातल्या रस्त्यावर दिवे लावू लागला आणि वस्तू मोठ्या आकाराच्या करून ठेवू लागला.

मला हे अंडे आठशे पानांच्या ग्रंथापेक्षा वजनदार वाटते. विसरण्याची ही तऱ्हा डोळ्यांची आहे. अंधार, अंतर, रंगात रंग मिसळणे. देहाला न जुमानणारा कुणी आत बसून आठवत असता, तर त्याला पांढऱ्या भिंतीने का फसवावे? शिवाय या स्मरणाने त्या बिचाऱ्याचा संसार सुखाचा केला नाही. माणसांचे चेहरे त्याला ओळखू येत नसत, कारण चेहरा क्षणोक्षणी बदलतो आणि त्याला प्रत्येक बदल वेगळा आठवे. विसरण्यासाठी त्याने गोष्टी कागदावर लिहून तो कागद जाळून पाहिला. राखेतही आकडे दिसत.

अप्पांना अंडे पटले नाही. त्यांनी हुकमाचे पान टाकले. "रामानुजन! नामगिरी देवी स्वप्नात येऊन सूत्रं सांगायची. आता बोल."

रामानुजनांपुढे बोलायचे म्हणजे जपून बोलायला हवे. नामक्कलच्या नामगिरीवर त्यांची आणि त्यांच्या आईची श्रद्धा होती आणि सूत्रांचे श्रेय ते देवीला देत, हे खरेच आहे. माणूस आपल्या कामाचे श्रेय ज्याला देतो त्याला ते देऊ द्यावे. नाही तरी श्रेय देणारी माणसे कमीच. पण रामानुजनांची पाटी विसरू नका. कागद महाग, म्हणून आकडेमोड पाटीवर चाले, आणि फडक्यासाठी हात थांबवायला नको म्हणून पाटी कोपराने पुसली जाई. कोपराला घट्टे पडले होते. शेवटचे उत्तर तेवढे वहीत उतरे. जगाच्या हाती त्या वह्या आल्या. पायऱ्या नाहीत, सिद्धता नाही, ओळीमागून ओळ नुसती उत्तरे. पाहणाऱ्याला साक्षात्कार वाटावा अशीच ती मांडणी. मधल्या पायऱ्या कोपराला लागून गेल्या होत्या.

टॅक्सीच्या १७२९ या नंबराची गोष्ट घ्या. पटनीच्या इस्पितळात केंब्रिजचे गणिती हार्डी भेटायला आले, म्हणाले नंबर अगदीच नीरस होता. आणि अंथरुणातून रामानुजन म्हणाले, छे, दोन घनांची बेरीज म्हणून दोन तऱ्हांनी मांडता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे. १२ चा घन अधिक १, आणि १० चा घन अधिक ९ चा घन. हे जणू त्या क्षणी वरून उतरले असे आपण सांगतो. पण ते नाते त्यांच्या वहीत आधीच लिहिलेले होते. माणूस त्या गल्लीत वर्षानुवर्षे राहत होता, त्याला घर नंबर विचारला एवढेच. आणि हेही नोंदवायला हवे की अविभाज्य संख्यांची गणती करण्याविषयी रामानुजनांनी सुरुवातीला मांडलेले दावे चुकीचे निघाले. कुठे चुकले तेही हार्डींना दाखवता आले: गणिताची एक अख्खी शाखा, संमिश्र संख्यांची, त्यांना कुणी शिकवलेलीच नव्हती. ही चूक देवीच्या पदरात घालायला माझे मन घेत नाही. कुंभकोणमच्या एका गरीब, एकट्या पडलेल्या, हाताशी धड पुस्तके नसलेल्या पोराची ती चूक आहे, आणि म्हणूनच त्याचे बाकीचे काम मला अधिक थोर वाटते.

राहता राहिले ते सराव न केलेले. इथे माझी बाजू थोडी लंगडते, कबूल. अमेरिकेतला किम पीक, ज्याच्यावरून 'रेन मॅन' हा १९८८ चा सिनेमा सुचला, त्याला हजारो पुस्तके तोंडपाठ होती आणि शर्टाची बटणे लावता येत नव्हती. ऑर्लंडो सेरेल या मुलाला १९७९ साली, दहाव्या वर्षी, बेसबॉलचा चेंडू डोक्याला लागला आणि त्यानंतर कुठल्याही तारखेचा वार तो सांगू लागला. यांनी कुठली औटकी घोकली? पण पीकच्या मेंदूत डाव्या-उजव्या भागांना जोडणारा जाड पट्टाच जन्मापासून नव्हता, आणि सेरेलला चेंडू लागला तो डोक्याला. देणगी देहाबाहेरून येते असे सिद्ध करायला निघालेली प्रत्येक गोष्ट, का कोण जाणे, शेवटी डोक्याच्या कवटीशीच येऊन थांबते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांच्याकडे याला उत्तर होते. १८९७ साली हार्वर्डमधल्या व्याख्यानात ते म्हणाले, मेंदू मन निर्माण करत नसेल, नुसते आत येऊ देत असेल. लोलकातून उजेड येतो तसे. लोलक तडकला की उजेडाचे रंग बदलतात, उजेड लोलकाने केला असे त्यावरून ठरत नाही. युक्तिवाद बिनतोड आहे. माझी अडचण तीच आहे. मेंदू बिघडून शक्ती गेली, तरी तो बरोबर. मेंदू बिघडून शक्ती आली, तरी बरोबर. काहीच झाले नाही, तरी बरोबर. अप्पांच्या शब्दांत सांगायचे तर जो कधीच चुकू शकत नाही तो ताळाच नव्हे. मेंदूवाल्यांचे म्हणणे निदान चुकू तरी शकते. उद्या मेंदूत काडीचाही बदल न होता कुणाचे स्मरण दुप्पट झाले, तर ते गाळात जातील. आजवर शकुंतलादेवी, एटकेन, शेरेशेव्हस्की, पीक, प्रत्येकाचा ताळा घेतला आणि तो जुळत आला.

पण जुळला म्हणजे उत्तर बरोबर असे नव्हे हं. हेही अप्पांनीच सांगितले आहे, आणि माझ्या बाजूच्या मंडळींनी ते पाटीवर लिहून ठेवावे. "सगळं मेंदूतच आहे" असे म्हणून जे हात झटकतात, त्यांनी "सगळं नामगिरीने सांगितलं" म्हणणाऱ्यापेक्षा जास्त काही सांगितलेले नसते; कसे घडले ते दोघेही सांगत नाहीत. आपल्याकडचे चार्वाक या बाबतीत अधिक रसिक होते. त्यांचा दाखला विड्याचा आहे. पान लाल नाही, चुना लाल नाही, सुपारी लाल नाही, एकत्र चघळले की तोंड लाल. तसेच महाभूते एकत्र आली की चैतन्य. दाखला झकास आहे. पण ओठ लाल दिसणे वेगळे आणि विडा रंगल्याचे सुख वेगळे. ते सुख कुणाला झाले आणि कसे, हे विड्याने उलगडत नाही, आणि मेंदूच्या रंगीत चित्रांनीही अजून उलगडलेले नाही.

म्हणून आत्म्याच्या वकिलांना माझे सांगणे असते, की तुम्ही साक्षीदार चुकीचे आणता. १९७७ साली बाईंनी युनिव्हॅकला हरवले तेव्हा तुमची केस बरी दिसत होती. आज माझ्या खिशातला फोन तो तेरा आकडी गुणाकार बोट उचलायच्या आत करतो, आणि आत्मा वेगाने सिद्ध होत असेल तर मग तो फोनला माझ्यापेक्षा जास्त आहे. तुम्ही साक्षीला रात्री नऊ वाजताचे अप्पा आणा. सत्तावीसचा फरक सापडला, ६३ चे ३६ सापडले, टोटल जुळली आणि अप्पांनी खुर्चीला पाठ टेकून "हुश्श" केले. बँकेत नंतर आलेल्या संगणकाची टोटल कायमच जुळते. त्याने एकदाही हुश्श केलेले नाही. या हुश्शचा ताळा भौतिकवाद्यांकडून अजून यायचा आहे, आणि तो येईपर्यंत मी अप्पांच्या बाकावर जागा अडवून बसणार आहे. तो येईल असे मला वाटते. कधी, ते विचारू नका.

हा सगळा वाद सध्या आमच्याकडे तापला त्याला कारण अप्पांचा नातू. मुलांचा 'मिडब्रेन' जागा करून देणारे क्लास गावोगाव निघाले आहेत. डोळ्यांवर पट्टी बांधलेली मुले पुस्तक वाचतात, पत्ते ओळखतात, रंग सांगतात. पालक टाळ्या वाजवतात आणि चेक फाडतात. सूनबाईंनी माहितीपत्रक आणले होते. मध्यमेंदू तुमचा-माझा जन्मल्यापासून जागाच असतो. डोळ्यांच्या हालचाली आणि मुळात जागे राहणे यांत त्याचा वाटा आहे, आणि तो खरेच झोपला तर माणसाला क्लासला नव्हे, अतिदक्षता विभागात न्यावे लागेल. खेळ जुना आहे. १९६० च्या दशकात रशियात रोझा कुलेशोव्हा नावाची बाई डोळे बांधून बोटांनी वाचते म्हणून गाजली होती. मार्टिन गार्डनर यांनी १९६६ साली 'सायन्स' या नियतकालिकात तिचे आणि तिच्यासारख्यांचे मर्म सांगितले: नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टी पुरती बसत नाही, खाली फट राहते आणि तिच्यातून दिसते. पट्ट्या बांधण्यापेक्षा डोक्यावर धातूचा डबा चढवा, असे त्यांनी सुचवले होते. आपल्याकडे नरेंद्र नायक आणि इतर विवेकवादी कार्यकर्त्यांनीही नेमकी हीच फट उघडकीला आणली. मुलांचा यात दोष नाही. त्यांना मोठ्यांना खूश करायचे असते.

तुमच्याही गावात असा क्लास येईल, आला असेल. तेव्हा वाद घालू नका, आत्म्याचे नाव काढू नका. पट्टी बांधलेल्या मुलाला पुस्तक हातात देण्याऐवजी ते त्याच्या कपाळाच्या वर, हातभर उंच धरा आणि म्हणा, बाळा वाच. किंवा खोलीतला दिवा घालवा. वाचले, तर मला अवश्य कळवा. मी अप्पांपुढे कान पकडीन. नाही वाचले, तर मुलाला शाबासकी द्या, भेळ खायला घाला आणि घरी घेऊन या. फी मात्र त्याआधी भरू नका. ती परत मिळत नाही.